गोजरबाईचा डबा

पुंजाजीला घरात बसवत नव्हतं आणि बाहेर गेला की बाहेर राहवत नव्हतं. त्याच्या बायकोला, जनकाबाईला, जाऊन अडीच महिने झाले होते. या अडीच महिन्यांत तो एका जागी सलग अर्धा तास बसला असेल, तर फक्त एसटीत. सकाळी उठून चहा टाकायचा, चहा उकळेपर्यंत अंगणात दोन चकरा मारायचा आणि आत येईपर्यंत चहा आटून काळा झालेला असायचा. मग तो ओतून द्यायचा आणि चौकातल्या टपरीवर जायचा. तिथंही अर्धा कप पिऊन उठायचा.

बांधकाम खात्यात पुंजाजी तायडे मैलकुली होता. जळगाव जामोदच्या रस्त्यावर खड्डे बुजव, कडेचं गवत काढ, झाडांना चुना लाव, यात त्याची तीस वर्षं गेली. रिटायर झाला तरी पाय थांबत नव्हते. जनकाबाई होती तेव्हा त्या पायांना परत यायला घर होतं. आता घरी आलं की समोर भांड्यांची मांडणी दिसायची.

ती मांडणी म्हणजे जनकाबाईचा जीव. स्टीलची चार फळ्यांची, भिंतीला ठोकलेली. गंज म्हणजे पातेली, कोपर म्हणजे पराती, पाण्याच्या गुंड्या, डबे, गिलास. दुकानात भांडं घेतलं की ती तिथंच उभी राहून त्याच्यावर मशीननं नाव टाकून घ्यायची, चमच्यावरसुद्धा. पुंजाजी म्हणायचा, माह्या अंगावर बी टाकून घे एक डाव. ती म्हणायची, तुमाले कोण नेते.

आता त्या घरात जिकडे नजर जाईल तिकडे तिचं नाव होतं. पुंजाजी चौथी शिकलेला, वाचता यायचं, आणि वाचता येतं याचाच त्याला ताप झाला होता. पाणी प्यायला गिलास उचलला की अंगठ्याखाली अक्षरं लागायची.

देवानंद, त्याचा मुलगा, अकोल्याला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होता. त्यानं आणि सुनेनं, मंजुश्रीनं, ठरवून टाकलं होतं की बाबांना एकटं ठेवायचं नाही. रविवारी तो छोटा टेम्पो घेऊन येणार होता. कपाट आणि खाट टेम्पोत, बाबा पुढच्या सीटवर, घराला कुलूप. उरलेल्या सामानाचं काय, असं पुंजाजीनं फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला की भांडी मोडीत घाला आणि साड्या त्या भांडेवालीला द्या, साड्यांवर एखादा डबा तरी येईल.

पुंजाजीला ते पटलं नाही. भांडी मोडीत घालायची आणि साड्या देऊन पुन्हा भांडंच घ्यायचं, हे त्याला समजलं नाही. पण खरं कारण ते नव्हतं. मागच्या वर्षी शेजारच्या रुखमाबाईनं गळकी गुंडी भंगारवाल्याला दिली होती. त्यानं ती काट्याला लावली आणि मग पोत्यात मावावी म्हणून जमिनीवर आडवी ठेवून बुटाच्या टाचेनं चेपली. एकदा नाही, तीनदा. तो आवाज पुंजाजीच्या कानात होता. जनकाबाईच्या नावावर कोणी टाच ठेवलेली त्याला चालणार नव्हती.

तो म्हणाला, "विकत नाही मी. देऊन टाकतो."

"कोणाले देता बाबा? आता कोण घेते जुने भांडे?"

"घेणारे असतात."

जळगाव जामोदात मुलींचं एक वसतिगृह होतं, कुठल्याशा संस्थेनं चालवलेलं. डोंगराकडच्या गावांतल्या मुली तिथं राहून शिकायच्या. रस्त्याचं काम चालू असताना तो त्यांच्या फाटकासमोर दोन महिने होता, त्यांच्या हापशीचं पाणी प्यायला होता. त्याला तेच आठवलं.

गुरुवारी सकाळी त्यानं तीन पोती काढली. जनकाबाईच्या पांढऱ्या दोन साड्या, पौर्णिमेला वंदनेला नेसायच्या त्या, विहारातल्या बायांनी आधीच नेल्या होत्या. बाकी साड्या, शाल, स्वेटर, चपलांचे दोन जोड एका पोत्यात गेले. चष्मा त्यानं उघडून पाहिला, मिटला आणि तोही टाकला. मग भांडी. भांडी भरताना तो मान वळवून, भिंतीकडे पाहत, हातानं चाचपून एकेक पोत्यात सोडत गेला. नाव वाचायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. वाचलं तर एकही भांडं सुटलं नसतं. वीसेक मिनिटांत चारही फळ्या मोकळ्या झाल्या. स्वतःपुरतं एक ताट, एक गिलास, एक तवा आणि एक गंज एवढंच त्यानं ठेवलं.

वसतिगृहात समीक्षा नावाची मुलगी सगळं पाहायची. मुलगी म्हणजे तिशीची असेल. तिला सामानाची यादी करायची होती, त्याचं नाव लिहायचं होतं, पोत्यांसोबत एक फोटो काढायचा होता. साड्यांच्या गोधड्या शिवू, असं ती सांगत होती. पुंजाजीनं नुसतं हाव हाव म्हटलं आणि ती वही आणायला आत गेली तसा तो फाटकाबाहेर पडला. जवळजवळ पळालाच.

बसमध्ये त्याला हलकं वाटलं. घरी येऊन दार उघडलं तेव्हा मात्र नाही वाटलं. रिकामी मांडणी भरलेल्या मांडणीपेक्षा जास्त बोलत होती. त्यानं दार पुन्हा ओढून घेतलं आणि गावाला एक पूर्ण चक्कर मारली, मग आणखी एक.

दिवस कलल्यावर रुखमाबाई आली. पलीकडच्या घरातली, जनकाबाईपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. चौकटीवर हात ठेवून तिनं विचारलं की रविवारी जाणार म्हणता, तर तो माझा मधला गंज तेवढा द्या, नातवाचा वाढदिवस आहे.

पुंजाजीनं रिकाम्या मांडणीकडे पाहिलं.

"कोणता गंज, वयनी?"

"अवो, कढी आणली होती ना जनकाले. तो."

तेव्हा पुंजाजीला सगळं एकदम कळलं.

जनकाबाई पोळ्यानंतर खाटेला खिळली ती शेवटपर्यंत. त्या दोन महिन्यांत वस्तीतल्या बाया रोज काही ना काही आणायच्या. कोणी वरण, कोणी रव्याचं, कोणी नुसत्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून. भांडी आपापली. पुंजाजी ती धुवायचा आणि जागा दिसेल तिथं मांडणीवर ठेवून द्यायचा. परत करायची राहिली, ती विसरून नाही. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत. मूठभर दाणे का होईना, चार कांदे का होईनात, त्यात काही घालून द्यायचं. जनकाबाई पडल्या पडल्या म्हणायची की मी उठली का देईन सगळ्यायचे, तुमी नका देऊ, तुमाले समजत नाही कोणाले काय द्यावं. ती उठली नाही. भांडी तिथंच राहिली, तिच्या भांड्यांत मिसळून. आणि आज सकाळी तिचं नाव टाळायला म्हणून त्यानं कोणाचंच नाव पाहिलं नव्हतं.

त्यानं रुखमाबाईला सांगितलं. ती चौकटीवरून खाली पायरीवर बसली. रागावली नाही, पण हसलीही नाही. गेलं तर गेलं, पोरींच्या पोटाला लागेल, म्हणाली. मग बोटांवर मोजायला लागली, कोणाकोणाचं होतं. दहा घरं निघाली. आणि मग तिचं बोट थांबलं.

"अन् तो डबा? गोजरबाईचा?"

पुंजाजी खाली बसला. तोही त्यातच गेला होता.

गोजरबाई म्हणजे भगवंतरावांची बायको. गावातली मोठी शेती त्यांची. त्यांच्या वावरात जनकाबाईनं बावीस वर्षं निंदण-खुरपण केलं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या घरी मजुरणींना पाणी वरून ओंजळीत वाढायचे. पुढे ते गेलं, वेगळा गिलास आला. मग तो वेगळा गिलासही दिसेनासा झाला. तो खरंच गेला की नुसता दिसेनासा झाला, हे जनकाबाईला कधी पक्कं कळलं नाही. विचारायचं तरी कोणाला? भांडण नव्हतं, अबोला नव्हता. गोजरबाईनं तिला दिवाळीला साडी दिली होती, तिच्या बाळंतपणात तूप पाठवलं होतं. घेणं बावीस वर्षं चाललं. त्या घरानं जनकाबाईच्या घरचं काही घेतलं, असं मात्र कधी झालं नव्हतं.

जनकाबाई आजारी पडल्यावर गोजरबाई स्वतः आली. मुगाची खिचडी घेऊन, कडीच्या डब्यात. खाटेच्या काठावर बसली, जनकाबाईच्या पायावर हात ठेवून बरंच बोलली. निघताना म्हणाली की डबा राहू द्या, वापस करायची घाई नाही, राहिला तरी काही नाही.

त्या वाक्यानं जनकाबाईची झोप गेली. राहिला तरी काही नाही म्हणजे काय? माणूस आजारी आहे म्हणून म्हणाली, की आपल्या घरात आलेलं भांडं तिला परत नको आहे? पुंजाजी म्हणाला, माणुसकीनं म्हणली ती, तू कायले डोकं शिणवतं. जनकाबाई म्हणाली, असंन. मग शेवटच्या आठवड्यात, बोलणं तुटक झालं होतं तेव्हा, तिनं त्याचा हात धरून सांगितलं होतं.

"तिचा डबा भरून द्या. खाली नका ठेवू, हातात द्या. अन् पाहा, मांडणीवर ठेवते का मोरीपाशी."

एवढंच. बाकी कशाचंही तिनं काही सांगून ठेवलं नव्हतं. ना पोराचं, ना घराचं. आणि तेवढं एक काम पुंजाजीनं पोत्यात घालून देऊन टाकलं होतं. रविवारी तो अकोल्याला जाणार. डबा गेला नाही तर गोजरबाई काही विचारायला येणार नाही. तायड्यांनी डबा ठेवून घेतला, राहू द्या म्हटलं तर राहू दिला, एवढीच गोष्ट त्या घरात उरेल.

त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं तो जळगावला गेला. दिलेलं परत मागायला जाणाऱ्या माणसानं चेहरा कसा ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. वसतिगृहाच्या फाटकावरून तो दोनदा पुढे गेला. तिसऱ्या वेळी समीक्षानंच हाक मारली, काल न सांगता गेलात म्हणून.

त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, थोडं उलटसुलट. तिनं ऐकून घेतलं. "दिलेलं परत मागणारे तुम्ही पहिले नाही, काका," ती म्हणाली. "मागच्या थंडीत एका सरांनी दिलेला स्वेटर त्यांच्या बायकोनं येऊन परत नेला. सरांनी त्यांना विचारलंच नव्हतं. बाईंनी आम्हाला नाही, सरांना झापलं, फाटकात उभं करून."

पुंजाजीला हसू आलं नाही, पण पाय थोडे मोकळे झाले.

भांडी कालच घासून स्वयंपाकघरात लागली होती. काहींत सकाळचे पोहे झाले होते. स्वयंपाकाच्या बाईनं बडबडत सगळी खाली काढली, म्हणाली की आम्ही काय चोरून आणली का. पुंजाजी फरशीवर बसला आणि आता मात्र त्याला वाचावंच लागलं. एकेक भांडं उजेडाकडे धरून. जनकाबाई पुंजाजी तायडे. जनकाबाई पुंजाजी तायडे. सौ. रुखमाबाई, ते बाजूला. जनकाबाई पुंजाजी तायडे. पहिली तीन-चार नावं त्यानं अंगठा फिरवत हळू वाचली. मग तो हजेरी घेतल्यासारखा वाचत गेला. एका गिलासावर ज चा पाय तुटला होता, मशीन घसरलं असेल. ते त्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं.

दहा भांडी निघाली. गोजरबाईचा डबा नव्हता.

स्वयंपाकाच्या बाईला आठवलं. सहावीतल्या काजलचा डबा गळका होता, म्हणून तिला सकाळी एक चांगला डबा भरून दिला. ती तो घेऊन शाळेत गेली. शाळा पाचला सुटणार.

पाचपर्यंत पुंजाजी जळगावात फिरला. बसस्टँडवर गेला, तिथून बाजारात, तिथून पुन्हा स्टँडवर. एका हॉटेलात बसला आणि कचोरी यायच्या आत उठला. आपण स्वतः केलेल्या रस्त्यावर खड्डे पडलेले त्यानं पाहिले आणि ते कोणत्या साली बुजवले होते हे आठवत बसला, म्हणजे आठवत चालला. एका शाळकरी मुलीच्या दप्तरातून तो डबा कुठं पडला तर? झाकण हरवलं तर? पोरीनं मैत्रिणीला दिला तर? साडेचारलाच तो फाटकाशी येऊन उभा राहिला.

काजल बारीक, सावळी, संग्रामपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या गावची. समीक्षानं दोघांना स्वयंपाकघरात नेऊन तिला समजावून सांगितलं. तिनं दप्तरातून डबा काढला आणि पुंजाजीकडे न देता आधी त्याच्याकडे पाहिलं.

"कोणाचा हाये हा?"

"एक बाई हायेत आमच्या गावात. आमच्या घरी मानूस बिमार होतं त खिचडी आणली होती त्यायनं."

"मंग द्या लागते," ती म्हणाली आणि डबा दिला.

तिला दुसरा काही द्यावा म्हणून पुंजाजी भांड्यांच्या ढिगाकडे वळला, आणि त्याच्या हाताला जनकाबाईचा वावरात न्यायचा डबा लागला. तोही कडीचाच, काठाला जरा चेपलेला. पोत्यात भरताना हाताला कळला नव्हता. त्यानं झाकण लावून दाखवलं, याचं घट्ट बसते, वरण सांडत नाही. काजलनं फिरवून नाव वाचलं. "जनकाबाई कोण?"

"माही बायको."

"त्याइले नको का?"

"नको आता," पुंजाजी म्हणाला.

तिनं मान हलवली आणि डबा काखेत घेऊन आत गेली.

शनिवारी सकाळी अकरा भांडी त्यानं जमिनीवर ओळीनं मांडली. आता त्यात घालायचं काय? घरात दाणे होते, पण दाणे कोणाच्या घरात नव्हते? कोपऱ्यात दोन पत्र्याचे डबे होते. ते खाण्याचं म्हणून त्यानं पोत्यात भरले नव्हते आणि उघडलेही नव्हते. त्यात जनकाबाईचं शेवटचं वाळवण होतं. एप्रिलात घातलेले सरगुंडे, मुगवड्या, कुरड्या. सरगुंडे तिनं गव्हाच्या कणकेचे काडीवर वळून खाटेवर फडकं टाकून वाळवले होते. तेव्हा तिला काही झालं नव्हतं, किंवा झालं असेल तर कळलं नव्हतं.

तो वाटण्या करायला बसला. त्याला खरंच समजत नव्हतं. एका भांड्यात नुसत्या मुगवड्या पडल्या, एकात सगळ्या तुटक्या कुरड्या. परत ओतलं, परत भरलं. शेवटी गोजरबाईच्या डब्यात त्यानं अख्खे सरगुंडे निवडून घातले आणि झाकण लावलं.

आधी वस्तीतली दहा घरं केली. तिथं वेळ लागला, कारण प्रत्येक घरी झाकण काढलं की आतलं वाळवण पाहून बाई बसा म्हणायची. तो बसला नाही. एकीनं म्हटलं, हे मी खाणार नाही, ठेवून देईन. दुसरीनं तिथंच चार मुगवड्या भाजायला घेतल्या. रुखमाबाईनं गंज घेतला, आत पाहिलं आणि म्हणाली की भाऊजी, कुरड्या खाली अन् वड्या वर घालाच्या असतात, चुरा झाला पाहा. मग पदरानं डोळे पुसत आत गेली.

ऊन तिरपं झालं तेव्हा तो भगवंतरावांच्या घराकडे निघाला. हातात एकच डबा. रस्ता पाच मिनिटांचा होता, त्याला फार लांब वाटला, आणि तरी तो फार लवकर संपला.

अंगणात तूर वाळत होती. भगवंतराव खुर्चीवर बसून फोनवर कोणाशी तरी हरभऱ्यावरच्या फवारणीचं बोलत होते. त्यांनी हातानंच या म्हटलं. आवाज ऐकून गोजरबाई ओसरीवर आली. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. तिनं पुंजाजीची विचारपूस केली, कधी जाता, सून चांगली आहे ना, तब्येत उतरली तुमची. मग तिला डबा दिसला.

"अवो, मी त म्हणलं होतं राहू द्या," ती म्हणाली. "ठेवा तिथं झोपाळ्यावर. हात भरले हायेत माहे."

हात खरंच भरले होते. पुंजाजीनं ते पाहिलं. झोपाळा दोन पावलांवर होता. तिथं ठेवून निघून गेलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. तो आयुष्यभर अशा दोन पावलांवर सामान ठेवून आला होता आणि त्यात त्याला कधी काही वाटलं नव्हतं. वाटायचं ते जनकाबाईला.

"हात धुवा, बाई," तो म्हणाला. "मी थांबतो."

भगवंतरावांनी फोन कानापासून थोडा दूर केला. गोजरबाई त्याच्याकडे पाहत राहिली. पुंजाजीला घाम आला, पौषाच्या थंडीत. पाय म्हणत होते चल, आणि तो त्यांना धरून उभा होता.

"थांबा," ती म्हणाली आणि आत गेली.

पाण्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा हात ओले होते, पदराला पुसत ती पुढे झाली आणि तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला. कडी काढून उघडला. वास घेतला.

"सरगुंडे. जनकानं केले?"

"एप्रिलात."

तिचं तोंड जरा वाकडं झालं, रडू आवरताना होतं तसं. दोनदा तिनं झाकण लावायला घेतलं, ते बसलं नाही. मग सुनेला, पूनमला, हाक मारत ती आत गेली. पुंजाजी ओसरीच्या कडेला सरकला. दार सताड उघडं होतं आणि समोर त्यांचं स्वयंपाकघर. त्यानं मान लांब केली, लाज सोडून. जनकाबाईला पाहायचं होतं ते त्याला पाहावं लागणार होतं.

गोजरबाईनं सरगुंडे एका बरणीत ओतले. एक तुकडा तोंडात टाकला, कच्चाच. पूनमला सांगितलं की उद्या सकाळी हे शिजव, दुधात कर. मग डबा आतून हातानं झाडला, फडक्यानं पुसला आणि मांडणीवर ठेवला. ठेवायला जागा नव्हती, म्हणून दोन डबे सरकवून मध्ये बसवला. हे तिनं जाणून केलं की सहज, ते पुंजाजीला कळलं नाही. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ती चहा टाकते म्हणाली. तो नको म्हणाला, खूप काम आहे म्हणाला. काम काहीच नव्हतं. त्याला घरी जायचं होतं. रस्त्यानं तो जवळजवळ धावत सुटला. शाळेपाशी कोणी राम राम घातला तो त्याला ऐकू आला नाही. तोंडात एकच गोष्ट होती आणि ती सांडायच्या आत पोचवायची होती. मध्ये ठेवला. सरकवून मध्ये ठेवला. गल्लीत वळला, अंगणात शिरला, कडी काढायला हात वर केला. दाराला कुलूप होतं. सकाळी त्यानंच लावलं होतं.

हात तसाच कुलपावर राहिला.

खिशातला फोन वाजला. देवानंद होता. टेम्पो उद्या आठ वाजता निघेल, तुम्ही बांधाबांध करून ठेवा, भांड्यांचं काय केलं शेवटी. पुंजाजी म्हणाला, दिले ज्याचे त्याले. पुढं सांगावं असं त्याला वाटलं, पण देवानंद घाईत होता आणि हे सांगायला घाईतला माणूस उपयोगाचा नव्हता.

पलीकडच्या ओट्यावर रुखमाबाई सुपात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"दिला?"

"दिला."

"हातात?"

"हातात. पीठ भरलं होतं, धुवाले लावले हात."

सूप थांबलं. आता तिनं वर पाहिलं. पुंजाजीला तेव्हा कळलं की जनकाबाईनं हे एकट्या त्यालाच सांगितलं नव्हतं.

"मंग?" रुखमाबाई म्हणाली. "कुठं ठेवला?"

"मांडणीवर."

"बाकीच्यात का बाजूले?"

"बाकीच्यात. दोन डबे सरकवले अन् मधात बसवला. एक सरगुंडा खाल्ला तिनं, कच्चाच."

रुखमाबाईनं सुपातल्या तुरीतले दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग ओट्यावरचं पोतं एका बाजूला ओढून तिनं त्याच्यासाठी जागा केली.

"असं नाही," ती म्हणाली. "बसा. पयल्यापासून सांगा. घरून निघाले तिथून."

पुंजाजी बसला आणि घरून निघाला तिथून सांगू लागला.